चौसाळकरसाहेबांचे सतरावे पान

कोणताही कागद वाचण्यापूर्वी माणिकराव चौसाळकर त्यावर पट्टीने समास आखीत. टंकलिखित कागदाला समास आधीच असतो, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले. "तो टाइपिस्टचा," ते म्हणाले, "हा माझा." माझा चाळीस पानी मसुदा अशा रीतीने वाचायला त्यांनी अकरा दिवस घेतले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला: "सगळं ठीक, बेटा. पण भाव चढल्यावर काय?"

नामपल्लीतल्या आमच्या सल्लागार कचेरीत ते मानद सल्लागार होते. घर गौलीगुड्यात, तीन पिढ्या सरकारी नोकरीत. स्वतः त्यांनी उमेदीची वर्षे सिमेंटचे परवाने वाटण्यात घालवलेली. मी पुण्याहून रसायन अभियांत्रिकी शिकून आलेली. परवाना राज संपल्याचे सगळीकडे बोलले जात होते, आणि माझ्याकडे काम आले ते एका नव्याच परवान्याचे. बारा कारखान्यांनी बॉयलरच्या धुरातून वर्षाला किती कार्बन सोडायचा याची मर्यादा ठरवायची, तेवढे परवाने वाटायचे, आणि ज्याला जास्त धूर सोडायचा असेल त्याने कमी सोडणाऱ्याकडून ते विकत घ्यायचे. सरकारी खात्याचा हा प्रयोग यशस्वी झाला तर राज्यभराची योजना माझ्या हाती येणार होती. ती मला हवी होती, आणि हे मी लपवत नव्हते.

भाव चढणे हा माझ्या लेखी दोष नव्हता, तो हेतूच होता. परवाना महागला तरच कारखानदार कोळसा वाचवणारे यंत्र बसवील. म्हणून मी लिहिले होते: भावात सरकार हस्तक्षेप करणार नाही. चौसाळकरांनी त्यापुढे एक अख्खे पान जोडले, सतरावे. भाव ठरलेल्या पातळीला पोचला तर राखीव साठ्यातले ठरलेले परवाने विक्रीला काढावेत. त्याआधी नाही, त्याहून एकही जास्त नाही. आणि कोणत्याही अधिकाऱ्याला कोणत्याही कारणाने यात बदल करता येऊ नये.

मी ते पान काढले. त्यांनी परत घातले. मी कारण मागितले, आकडे मागितले.

"तजुर्बा," ते म्हणाले.

"साहेब, अनुभव हा पुरावा नसतो."

"हौ. म्हणून तर लिहून ठेवा म्हणतो."

पालथ्या घड्यावर पाणी. चौथ्या खेपेला मी ते पान त्यांना न सांगता काढले आणि मसुदा खात्याकडे पाठवला. तिथल्या अधिकाऱ्याने फोनवरच सांगून टाकले, "प्रयोगापुरते परवाने काढायचे अधिकार तुम्हीच वापरा."

तिसऱ्या महिन्यात भाव चढला. माझा आलेख तंतोतंत खरा ठरत होता आणि दोन दिवस मी खुशीत होते. मग फोन सुरू झाले. एकाला सणाची मागणी पुरवायची होती, दुसऱ्याचा बॉयलर दुरुस्तीला गेला होता, तिसऱ्याने सरळच सांगितले की हाच भाव राहिला तर आम्ही सहा जण बाहेर पडतो. बारांतले सहा गेले की प्रयोग संपला, आणि त्याबरोबर माझी योजनाही. मी जादा परवाने काढले. आदेशात 'एकवेळची सुधारणा' असा शब्द घातला. चौसाळकर समोरच बसले होते. त्यांनी पट्टी काढून त्या आदेशावर समास आखला, आणि त्या समासाने माझा जितका संताप झाला तितका त्यांच्या सतराव्या पानानेही झाला नव्हता.

भाव कोसळला. सोमवारी सकाळी सिकंदराबादच्या बाजूच्या एका लहान कागद गिरणीचे मॅनेजर व्यंकटराव आले. धुराड्यातून वाया जाणारी उष्णता परत वापरणारे यंत्र घ्यायला त्यांनी मालकाला मोठ्या मिनतवारीने राजी केले होते, ते चढत्या भावाच्या भरवशावर. आता मालकाने ऑर्डर रद्द केली होती.

"मॅडम, भाव कू हात नहीं लगाते बोलके आपइच बोले थे ना?" ते म्हणाले. "मालिक पूछरा, किसका सुनके आया था तू. अब मेरी बात कोई नहीं सुनता वहाँ."

त्यांच्यामागे व्हरांड्यात आणखी चार मॅनेजर बसले होते. चौघांच्याही हातात जादा परवान्यांचे अर्ज होते.

"व्यंकटरावगारू, गलती हमारे दफ्तर की है," चौसाळकर म्हणाले.

"दफ्तराची नाही," मी चिडून म्हटले, "माझी आहे."

"मग मिसलीवर लिहा." फाइलला ते मिसल म्हणत.

मी खात्याकडे जायच्या अहवालातच लिहिले. भाव वाढायला हवा तसाच वाढत होता, मी दबावाखाली परवाने काढले, ज्याने शब्दावर विश्वास ठेवला तोच बुडाला. सबब सतरावे पान आवश्यक. अहवाल वाचून अधिकाऱ्याचा फोन आला. हा कबुलीजबाब आणि ते पान दोन्ही काढा, प्रयोग वाढवू, प्रमुख तुम्हीच. त्या पानाने खात्याचे हात बांधले जातात.

काय करावे, असे मी चौसाळकरांना विचारले. "मी पेन्शनर माणूस," ते म्हणाले. "माझी शिफारस धरू नका."

"वर्षभर न मागता शिफारस करत होतात. आज मागते आहे तर नाही?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "एका वसतिगृहाचं छत गळत होतं. पोरं खरंच भिजत होती. मी क्रम मोडून सिमेंट दिलं. आठवड्याभरात शहरातल्या प्रत्येक अर्जात एक वसतिगृह निघालं. एक बाई होती, दोन वर्षं नियमानं रांगेत. तिचा नंबर आलाच नाही."

"मिसलीवर लिहिलंत?"

"नाही. त्या साली माझी बढती होती."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही किस्सा म्हणाला असता."

म्हणाले असते. अहवाल मी जसाच्या तसा पाठवला. महिन्याभरात प्रयोग गुंडाळला गेला आणि राज्यभराची योजना कोणाच्याच हाती आली नाही. पुढे मी हैदराबाद सोडले. चौसाळकर गेल्याचे मला पत्राने कळले. त्यांनी मला एकदाही शाबासकी दिली नाही, याचा राग अजून आहे.

निघण्यापूर्वी अहवालाची एक प्रत गिरणीवर द्यायला मात्र त्यांनी मला भाग पाडले, आणि स्वतःही बसने सोबत आले. माझ्या कबुलीचा भाग मालकाने सावकाश, दोनदा वाचला. मग त्याने दाराशी उभ्या असलेल्या व्यंकटरावांना आत बोलावले आणि विचारले, "वो मशीन का कागज है क्या अभी तेरे पास?"