दादाने स्वतःलाच माप धरलं होतं

शेवटच्या भेटीत दादाने मला ‘कशी आहेस’ असं विचारलंच नाही. ‘प्राचीचं रक्त दिलंस का तपासायला?’ एवढंच विचारलं. प्राची माझी मुलगी, एकोणीस वर्षांची. मी तोंडाला मास्क लावून त्याच्या पलंगाशी उभी होते. म्हटलं, ‘देते रे, तिची परीक्षा तर होऊ दे.’ ‘परीक्षा कधीच संपली, सुमे,’ तो म्हणाला... आणि डोळे मिटून घेतले. मरणाच्या दारात पडलेल्या भावाशी मी खोटं बोलले आणि धडधडीत पकडली गेले. पाच दिवसांनी तो गेला. पुढचा महिनाभर मी प्राचीकडे तो विषयसुद्धा काढला नाही.

दादा, म्हणजे विलास, माझा सख्खा मोठा भाऊ. नाशिकरोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होता, जवळजवळ तीस वर्षं. त्याची एक सवय होती. लॅब उघडली की पहिला पेशंट यायच्या आधी स्वतःचं रक्त काढायचं आणि मशीनमधून फिरवायचं. मशीन शुद्धीवर आहे ना, हे बघायला. मग त्याच रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, शिकाऊ मुलींना मायक्रोस्कोपखाली दाखवायचा. ‘बघा पोरींनो, नॉर्मल माणूस असा दिसतो.’ मी शाळेत शिकवते; शनिवारी शाळा सुटल्यावर तिकडे गेले की त्याला चिडवायचे, ‘नॉर्मल? आणि तू? कुणी सांगितलं?’ त्या मुली फिदीफिदी हसायच्या. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

कारण तो नॉर्मल नव्हता. आमच्यातलं कुणीच नव्हतं. मशीन रोज सकाळी त्याला सांगत होतं की प्लेटलेट कमी आहेत, जेमतेम लाखभर. रक्त थांबवणाऱ्या त्या बारीक पेशी. दादा म्हणायचा, ‘माझ्या रक्तात नळीतच गुठळ्या होतात, मशीनला मोजता येत नाही बिचाऱ्याला.’ तसं होतं काही जणांचं, तो काही अडाणी नव्हता. कधीतरी पूर्वी त्याला काचेवर अशा दोन गुठळ्या दिसल्या होत्या म्हणे, तेवढ्यावर त्याने विषय मिटवला तो कायमचा. दुसऱ्या कुणाचं रक्त असतं तर चार वेळा तपासलं असतं त्याने. आणि घरात तरी कुणाला खटकणार? बाबांच्या दंडावर कायम काळेनिळे डाग असायचे. माझी दाढ काढली तेव्हा रक्त दोन दिवस थांबेना. निफाडची आत्या म्हणायची, ‘लय नाजूक कातडी हाय आपली.’ त्यात तिला थोडा अभिमानही होता. ती आत्या पंचेचाळिशीत गेली. अंगातलं रक्त आटलं, म्हणाले सगळे.

याहून वाईट गोष्ट सांगायची राहिलीच. प्राची अकरा वर्षांची असताना तिला डेंग्यू झाला. ताप उतरला, पण प्लेटलेट काही वर येईनात. महिन्याने पुन्हा तपासा, असं डॉक्टर म्हणाले होते. तपासलं दादानेच. रिपोर्ट हातात धरून म्हणाला, ‘अगं, माझ्यापेक्षा जास्त आहेत पोरीच्या! कशाला घाबरतेस?’ आणि मी घाबरायची थांबले. किती सोपं होतं ते.

गेल्या वर्षी तो दमायला लागला. हिरड्यांतून रक्त यायचं, तर ब्रश बदलला बहाद्दराने. मग एका सकाळी स्वतःच्याच काचेवर त्याला त्या पेशी दिसल्या. मोठ्या, गोल, कच्च्या. ‘त्यांनी हाडाच्या आत, मज्जेतच राहायचं असतं,’ त्याने नंतर मला सांगितलं. ‘पिकल्याशिवाय बाहेर पडायचं नसतं. आधी वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. पण सुमे, पेशंट एकही आला नव्हता गं. अदलाबदल होणार कुणाशी?’ मग त्याने डाव्या हाताचं रक्त काढलं. डाव्या हातातलं रक्त वेगळं निघेल, अशी वेडी आशा... काचेवर तेच होतं.

ल्युकेमिया. दुसऱ्याची मज्जा बसवावी लागेल, म्हणाले. माझी त्याच्याशी तंतोतंत जुळली. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले हो! आणि मग एके दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून कागदावर चित्र काढलं. मज्जेतल्या कच्च्या पेशींना कधी पिकायचं, कधी वाढ थांबवायची, हे सांगणारं एक जनुक असतं. आमच्या घरात त्याची एक प्रत जन्मतःच बिघडलेली आहे. त्यामुळे प्लेटलेट कमी. पुष्कळांचं आयुष्य तेवढ्यावरच निघून जातं. पण एखाद्याच्या मज्जेत वय वाढता वाढता आणखी बिघाड होतात, मग कच्च्या पेशी नुसत्याच वाढत सुटतात. ‘देणाऱ्याचीही तपासणी करतो आम्ही,’ बाई हळू आवाजात म्हणाल्या. ‘तुमच्यातही तेच जनुक आहे. तुमची मज्जा नाही घेता येणार.’ आणि मुलांमध्ये? निम्मी शक्यता. दादाला मूलबाळ नाही. मला एकच.

बाहेर बाकावर मी ढसाढसा रडले. दादा म्हणाला, ‘माझ्यासाठी रडतेस की स्वतःसाठी?’ परका दाता शोधेपर्यंत त्याला जंतुसंसर्ग झाला आणि सगळं संपलं.

त्यानंतर मी घरात चोरासारखी वावरले. प्राची भांडी विसळायला लागली की तिचे हात बघायचे. ‘हा डाग कसला?’ ‘बसमध्ये लागलं, आई.’ तपासलं नाही तोवर ती चांगली आहे, एवढंच डोक्यात धरून बसले होते. मग ती पूर्ण बाह्यांचे कुडते घालायला लागली, ऐन उन्हाळ्यात. मी कारण विचारलं नाही. डाग दिसेनासे झाले आणि मला बरं वाटलं. अशी मी आई!

गेल्या रविवारी वहिनीने दादाचं कपाट आवरायला आम्हा दोघींना बोलावलं. खालच्या खणात काचांची लाकडी पेटी निघाली, प्रत्येक काचेवर चिठ्ठी. प्राचीने एक उचलली. तिचंच नाव होतं, काच डेंग्यूच्या वेळची. मी झडप घालून म्हटलं, ‘ठेव ते!’

‘आई, बस जरा,’ ती म्हणाली. ‘मामाने शेवटच्या आठवड्यात मला बोलावून घेतलं होतं. त्याच्या पलंगाशेजारी बसूनच मी रक्त दिलं. वीस दिवस झाले रिपोर्ट येऊन.’

‘मग?’

‘आहे.’

‘आणि तू मला सांगितलं नाहीस?’

‘तू विचारशील म्हणून थांबले होते. रोज हात बघायचीस... विचारायची मात्र नाहीस. मलाही भीती वाटते गं, आई.’

वीस दिवस माझी पोर एकटी ते पोटात घेऊन फिरत होती, माझ्यासमोर जेवत होती. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

परवा सकाळी आम्ही दोघी दादाच्या लॅबमध्ये गेलो. त्याच्या स्टुलावर आता त्यानेच शिकवलेली रेखा बसते. आम्हा दोघींना अजून आजार लागलेला नाही, पण दर काही महिन्यांनी रक्त बघत राहायचं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. रेखाने दोघींचं रक्त घेतलं, काचा रंगवल्या. प्राचीची काच लावून ती म्हणाली, ‘कच्ची पेशी एकही नाही. प्लेटलेट म्हणजे हे जांभळे ठिपके. एका वेळी दहा-बारा तरी दिसायला हवेत.’ दादा इतकी वर्षं बोलवायचा, ‘ये, बघ तरी,’ पण मी मायक्रोस्कोपच्या नळीला कधी डोळा लावला नव्हता. आताही धीर होईना. प्राचीच पुढे झाली, बाही सारून वाकली आणि मोठ्याने मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा...

आणि थांबली.

‘परत मोज,’ मी म्हटलं.