गोबरगॅसचा पहिला चहा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. ते शेणासारखे रोज पडत राहतात आणि एक दिवस बघावं तर उकिरडा झालेला असतो! आमचा तर धंदाच शेणाचा. सत्तरच्या दशकात कुपवाडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही गोबरगॅसच्या लोखंडी टाक्या बनवायचो. मी वेल्डर, तात्या मिस्त्री फिटिंगवाले. सांगली-साताऱ्याच्या कितीतरी घरांत आम्ही दोघांनी पहिली शेगडी पेटवली. तात्यांचा नियम एकच, नव्या शेगडीवरचा पहिला चहा मिस्त्रीला. "निवद मागनं दावा. देवाला थांबायची सवय हाय!"

ऐकायला मजा वाटते. पण त्या चहाबरोबर बरंच काही गिळावं लागलं.

*

साताऱ्याकडं एका घरी अंगणात खड्डा खणून झाला होता, माणसाच्या दुप्पट खोल. घरातले आजोबा काठी टेकत आले, आत डोकावले आणि म्हणाले, "एवढा मोठा कशाला रं? मी तर बारीक माणूस हाय!"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

चौथ्या दिवशी ट्रकमधून टाकी घेऊन गेलो, तर दारात माणसं बसलेली. आजोबा आदल्या दिवशीच गेले होते. मुलगा तात्यांजवळ येऊन हळूच म्हणाला, "मिस्त्री, टाकी उतरू नगा. खड्डा बुजवायचा हाय."

*

शेणकाला भरल्यावर गॅस धरायला दोन-तीन आठवडे लागतात. हे आम्ही घरमालकाला सांगायचो. बायकांना कोण सांगतंय!

कृष्णाकाठच्या एका ऊसवाल्या घरात टाकी बसली, त्याच आठवड्यात नवी सून घरात आली. सासूबाई रोज कॉक फिरवायच्या, काडी ओढायच्या. काही नाही! दहाव्या दिवशी त्यांनी निकाल देऊन टाकला. "हिचा पायगुणच तसला!" पोरगी माहेरी रवाना.

विसाव्या दिवशी शेगडी पेटली. आम्ही चहाला गेलो. तात्यांनी विचारलं, "सूनबाई कुठं हाय?"

"बाप धाडत न्हाई. लय मस्ती आलीया त्येला!"

तात्यांनी भरला कप खाली ठेवला. तेव्हापासून ते आधी घरातल्या बायकांना समोर बसवायचे आणि तीन आठवड्यांचं शपथेवर सांगायचे.

*

कवठे महांकाळकडं एका वस्तीवर टाकी पोचवली आणि दुष्काळ पडला. जनावरं छावणीत गेली. शेणच नाही तर गॅस कशाचा? मालकानं ती खालून उघडी असलेली टाकी उलटी करून ठेवली आणि तिच्यात टँकरचं पाणी साठवलं. वर्षभर अख्खी वस्ती ते गंजकं पाणी प्याली. मालकीणबाई म्हणायच्या, "ग्यास न्हाई तर न्हाई, पानी तर हाय!"

पाऊस झाल्यावर आम्ही टाकी बसवायला गेलो. गोठा लख्ख झाडलेला. तात्या म्हणाले, "जनावरं कवा येणार?"

मालकानं खुंटीला टांगलेल्या मोकळ्या दोरांकडं बोट दाखवलं. "दावी आली की."

*

आणि कडेगावकडची आऊ. दोन्ही डोळे चुलीच्या धुरानं गेलेले. तरी सैपाक तिनं सोडला नव्हता. भाकरी, कालवण, सगळं चाचपून करायची. तेवढं एकच काम तिच्या हातात उरलं होतं. मुलगा फौजेत. सुट्टीवर आला आणि हट्टानं गोबरगॅस बसवून घेतला. "आईला आता बिनधुराचं जगू दे!"

शेगडी पेटली. निळी ज्योत, ना धूर ना तडतड. आऊनं विचारलं, "पेटला व्हय रं?"

"पेटला की आये!"

थोड्या वेळानं पुन्हा, "पेटलाय न्हवं?" पोरगा हसत सुटला. चहा झकास झाला. दुसऱ्या दिवशी तो पलटणीत गेला.

चार महिन्यांनी सुनेचा निरोप आला, गॅस असूनही घरात धूर होतोय, येऊन बघा. आम्ही चक्रावलो. गोबरगॅसला धूर? गेलो तेव्हा सून शेतात होती. आत आऊ एकटीच. शेगडी गार आणि शेजारची जुनी चूल धडधडत पेटलेली! तात्यांनी कॉक फिरवून बघितला. गॅस भरपूर.

"आऊ, ग्यास हाय की!"

"हाय की. पर इस्तू पेटलाय का न्हाई कळत न्हाई बाबा. धूर आला म्हंजी कळतंय. थांबा, तुमचा च्या ग्यासवरच करते. मान हाय तुमचा."

तिनं कॉक फिरवला, काडी ओढली आणि उजवा तळहात सरळ ज्योतीवर धरला. तात्यांनी झडप घालून हात मागं ओढला. तळहातावर जुने डाग होते, एकावर एक.

"ह्ये काय वो?"

"इचारत हुते. घरात कुनी नसलं की इस्तवालाच इचारायचं." मग कोनाड्यातलं पोस्टकार्ड तिनं चाचपून काढलं. "आलायसा तर पोराला चार अक्षरं लिवा. ग्यास लय झकास चाललाय म्हनावं. आईला कायबी तरास न्हाई."

तात्यांनी शब्दन् शब्द तसाच लिहिला. मग शेगडीचा कॉक बंद केला आणि चुलीपुढं बसत म्हणाले, "आऊ, च्या चुलीवरचाच द्या."