चैतरामकाकाचा वन्स मोअर

आमच्या दवनीवाड्यात मरायचं काम चैतरामकाकाकडे असतं. म्हणजे दंडारीत. दिवाळी झाली, लवकर येणारा हलका धान कापून झाला की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि दुपारी मोकळ्या मैदानात दंडारीचा, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचा खेळ होतो. त्यात कोणीतरी मरावंच लागतं, नाहीतर लोकांना खेळ पाहिल्यासारखं वाटत नाही.

काका ठेक्याने धानाची शेती करतो, म्हशी पाळतो आणि उरलेल्या वेळात गप्प बसतो. दंडारीत त्याला आधी राजा केलं होतं. तो बोलणंच विसरला. मग शिपाई केलं. फक्त "जी महाराज" म्हणायचं होतं, तर भर दरबारात "हाव ना जी" म्हणाला. शेवटी दंडारीचा मुख्य दुधराम वैतागून म्हणाला, "तू निस्ता पडून राहा बापा." आणि काका असा पडला की समोरच्या बाया रडायला लागल्या.

श्वास कुठे लपवतो कोणाला कळत नाही. नाकावर माशी बसली तरी हलत नाही. खेळात दोन भाऊ शेताच्या बांधावरून भांडतात, धाकटा मरतो, त्याच्यावर पांढरा कपडा टाकतात आणि नंदलाल साडी नेसून त्याची बायको होऊन हंबरडा फोडतो. लोकांना हे मरण इतकं आवडतं की मैदानभर "वन्स मोअर!" सुरू होतं. मग काका कपडा बाजूला सारून उठतो, धूळ झटकतो, चारी बाजूंना हात जोडतो आणि पुन्हा मरतो.

एकच माणूस हे बघत नाही. त्याची बायको, शामकलाकाकू. कपडा टाकला की ती उठून जिलेबीच्या दुकानाकडे चालू लागते. "पाहाचं काय त्याच्यात? घरीबी असाच पडून राहते," म्हणते. पण दुकानाशी जाऊन ती जिलेबी घेत नाही, नुसती पाठ करून उभी राहते.

मागच्या मंडईत मोबाइल दुरुस्तीवाल्या टिंकूने काकाचं उठणं शूट करून इंटरनेटवर टाकलं. गावाने पाहिलं, हसलं, विसरलं.

त्या सुमारास दूर एका देशात युद्ध चालू होतं. देशाचं नाव मी लिहीत नाही. नाव दिसलं की लोक आधी बाजू घेतात आणि मग पुढचं वाचतात. एके दिवशी टिंकू पळत आला. "काका, तू फॉरेनात गाजून राहिला! कोटीनं लोकं पाहून राहिले तुले!" व्हिडिओवर उलट्यासुलट्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. कोणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून ते चांगलंच असणार असं गावाने ठरवलं. चौकात शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. गोंदियाच्या एका पेपरात बातमी आली, 'झाडीपट्टीचा कलावंत सातासमुद्रापार'. बातमी लिहिणाऱ्यालाही ती अक्षरं वाचता आली नव्हती. काका शाल पांघरून म्हशी चारायला गेला.

नंतर टिंकूच्या खात्यावर एका परदेशी बातमीदार बाईचा निरोप आला. मला बोलावणं आलं. माझं इंग्रजी दवनीवाड्यात पहिल्या नंबरचं आहे, गोंदियात पास होतं, त्याच्या पुढे विचारू नका. काकाच्या ओसरीत मोबाइल पाटाला टेकवून ठेवला. पडद्यावर बाई आली. काकूने डोक्यावरून पदर घेतला आणि विचारलं, "जेवली का ही?"

बाईने आधी तो पूर्ण व्हिडिओ दाखवला. सुरुवातीला त्या युद्धातल्या कोण्या गावची पडलेली घरं, धूळ, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं एका पोराचं कलेवर आणि बाजूला उकिडवा बसलेला बाप. मग कपडा जवळून दिसतो. हलतो. आणि काका उठून धूळ झटकतो. जोड कुठे आहे ते आम्हालाही दिसलं नाही. धूळ दोन्हीकडची सारखीच होती.

"हे काय लिवलं आहे?" काकाने अक्षरांकडे बोट केलं.

मी बाईला विचारून सांगितलं, "'बघा, यांचे मेलेले उठतात.' म्हणजे तिकडे कोणी मेलंच नाही, सगळं नाटक आहे, असं."

नंदलाल तिथेच होता. त्याची साडी आणि पदराखालची मिशी दाखवून कोणीतरी लिहिलं होतं, यांच्या विधवासुद्धा भाड्याच्या आहेत. एरवी कोणी मिशीवर बोललं की नंदलाल शिव्या देतो. त्या दिवशी त्याने मिशी हाताने झाकली.

बाई सांगत होती, मी अडखळत मराठी करत होतो. तिच्या देशात लोक त्या युद्धाविरुद्ध रस्त्यावर येत होते. हा व्हिडिओ आला आणि शेजारी शेजाऱ्याला म्हणू लागला, अरे, हे तर सोंग आहे. त्या मेलेल्या पोराची बातमी तिनेच दिली होती. तिच्या पेपराने घाबरून ती मागे घेतली आणि लिहिलं, घटनेबद्दल शंका आहे. आता तो पोरगा मेला होता आणि बातमीत मेला नव्हता.

"थो पोरगा उठला नाही ना?" काकाने विचारलं. मी ते इंग्रजीत विचारलं. विचारताना लाज वाटली.

"नाही," बाई म्हणाली.

"त्याचा बाप काय म्हणते?"

 बाई म्हणाली, "लोक रोज त्याला हा व्हिडिओ पाठवतात. आपला पोरगा नाही, हे त्याला माहीत आहे. तरी तो कपडा हलेपर्यंत बघतो. मग बंद करतो."

हे मी मराठीत सांगितलं. काकूने पदराने तोंड झाकलं. काका पाटाकडे बघत राहिला.

बाईला एवढंच हवं होतं की काकाने कॅमेऱ्यासमोर खरं सांगावं. काका, ज्याला "जी महाराज" जमलं नव्हतं, मैदानात टिंकूच्या मोबाइलसमोर उभा राहिला आणि एकदाही न अडखळता बोलला, "मी चैतराम. गाव दवनीवाडा, जिल्हा गोंदिया. मी मेल्याचं सोंग करतो. लोकं म्हणतेत त मी उठतो. थो पोरगा मी नाही. थो खरंच मेला. त्याच्या बापाले तरास देऊ नोका."

बाईच्या पेपराने ते छापलं, मागे घेतलेली बातमी पुन्हा दिली, चूकही कबूल केली. आम्हाला वाटलं, मिटलं.

काही दिवसांनी हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या ढाब्यावर मी चहा घेत होतो. शेजारच्या बाकावरच्या ट्रकवाल्याने बोलण्यावरून मी झाडीपट्टीचा हे ओळखलं आणि मोबाइल पुढे केला. "देखो भैया, तुम्हारे उधर का ही आदमी है. मान गया, सब नाटक था." पडद्यावर काका होता. "मी चैतराम. मी मेल्याचं सोंग करतो." बस, एवढंच. वर मोठ्या अक्षरांत, 'कलाकाराची कबुली'. मी त्याला अख्खा व्हिडिओ दाखवला. त्याने शांतपणे पाहिला आणि म्हणाला, "ये वाला बाद में बनाया होगा."

मी काकाला सांगितलं. काका म्हशीला पाणी दाखवत होता.

"पण म्या त उलटं बोललो होतो."

"हो काका. त्यांनी पुढचं कापलं."

"कापलेलं कुठं जाते?"

 

यंदाच्या मंडईआधी काकाने दुधरामला सांगितलं, "मी मरतो. पण उठणार नाही."

"काऊन बे? लोकं त्याच्यासाठीच येतेत! दगडं मारतीन!"

"मारू दे. बोललो त कापतेत, उठलो त जोडतेत. पडून राहिलेल्याचं काय करतीन?"

"आता तुले बोलणं सुचून राहिलं काय? राजा होता तवा कुठं गेलतं?" दुधराम बडबडत राहिला, पण मरायला दुसरा माणूस नव्हता.

दुपारी खेळ झाला. काका पडला, कपडा पडला, काकू उठून गेली. "वन्स मोअर!" शिट्ट्या झाल्या. कपडा हलला नाही. "ओ चैतराम, वन्स मोअर!" कोणी भुईमुगाची टरफलं फेकली. नंदलालचं ठरलेलं रडणं संपलं, त्याने पुन्हा पहिल्यापासून रडायला घेतलं. मध्येच खाली वाकून पुटपुटला, "उठ ना बे, घसा गेला माहा." कपडा तसाच. लोक हसले. मग थोडे हसले. मग पुढच्या ओळीतल्या एका बाईने लेकराचे डोळे झाकले. दुधरामला काही सुचेना. त्याने चौघांना खूण केली आणि त्यांनी काकाला उचलून कलाकारांच्या मांडवामागे नेलं. टाळी एकही पडली नाही.

ओरडणं थांबलं म्हणून जिलेबीच्या दुकानाशी उभ्या असलेल्या काकूने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. ती घाईने मांडवामागे आली. मी तिथेच होतो.

"आयकता का? उठा जी. म्हशी बांधाच्या आहेत."

कपड्याखालून आवाज आला, "टिंकूचा मोबाइल?"

"बंद आहे."

"थांब जराशी."

काकू थांबली. मग खाली बसली आणि कपडा हलू नये म्हणून त्याचं वाऱ्याने उडणारं टोक पायाशी दाबून धरलं. जिलेबीवाले कढया उतरवेपर्यंत दोघं तिथेच होती.