रोवणीच्या दिवसांतली गोळी

“म्याडम, गोळी बदलवा, नाईतर सुट्टी द्या.” दिवाकरभाऊने मला वॉर्डाच्या दारातच अडवलं.

त्याची बायको वंदना गोंडपिपरीकडची. तिला मेजर डिप्रेशन होतं. म्हणजे नुसती उदासी नव्हे. झोप, भूक आणि जगायची इच्छा, तिन्ही गेलेल्या. जीव द्यायचं बोलली म्हणून ॲडमिट केलं होतं.

पहिली गोळी सर्ट्रालिन. चांगली गोळी, पण सुरुवातीला काहींना मळमळतं. वंदना कशीबशी दोन घास खायची, तेही सुटले. या गोळ्या गुणाला साधारण सारख्याच; फरक असतो तो त्रासात. मिर्टाझापिनने झोप येते, भूक लागते. एरवी लोक त्यालाच साइड इफेक्ट म्हणतात. आम्हाला नेमकं तेच हवं होतं. गोळी बदलली.

नवी एमडी झालेली मी असते, तर दोन्ही गोळ्या एकदम देऊन वर तिसरी लिहिली असती. फार हुशार बाई होती ती. तिचा फोटो पाहून माझी नात विचारते, “ही रागावलेली कोण?”

आठवड्याभरात वंदना झोपू लागली, भात मागून घेऊ लागली. दिवाकरभाऊ पुन्हा हजर. गावात रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली होती. बाया आळीपाळीने एकमेकींच्या बांधीत, म्हणजे खाचरात, धान लावतात. आपल्या घरची बाई गेली नाही, तर आपल्याकडे कोण येणार?

“जेवून राह्यली, झोपून राह्यली. आता काऊन ठेवता?”

“भाऊ, भूक आली, मन अजून यायचं हाय. अंगात जोर अन् मनात अंधार, याच दिवसांत जास्त जपा लागते.”

तो पिशवी भरायलाच लागला. खाटेजवळ बसलेली त्याची आई, शेवंताबाई, शांतपणे म्हणाली, “मी इथी हाओ. बाईच पाह्यजे ना रोवणीले? मंग तूच उतर बायांच्या रांगेत.”

आणि तो खरंच उतरला. आमच्याकडे पुरुष चिखलणी करतात; रोवणी बायांची. गावभर हसं झालं.

काही आठवड्यांनी त्याने ती फजिती वॉर्डात सांगितली. बाया म्हणे त्याची रांग पाहून कामच विसरल्या. वंदना ऐकत होती. मग म्हणाली, “लय खोल खुपसले असन तुमी. सडतीन ना रोपं.”

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच उद्याची काळजी करत होती. शेवंताबाईने तोंडाला पदर लावला. मीही उगाच चष्मा पुसला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुट्टी दिली. ती अजून फॉलोअपला येते, गोळीही नीट घेते.

गोळी मी निवडली. तिचा गुण यायला लागणारे आठवडे त्या मायलेकांनी दिले. ते मेडिकलमध्ये मिळत नाहीत.