कालव्यातला नारळ

कोलशेतला आमच्या घरामागे एक कालवा आहे. हल्लीचे लोक त्याला नाला म्हणतात. इंग्रजांच्या काळात आमच्या वाडवडिलांनी तो फावड्याने खणला, खाडीपासून पार मिठागरापर्यंत. भरतीला पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, आत यायचे, मीठ भरून कल्याणच्या बंदराकडे निघायचे. हे मला बापाने सांगितलं, बापाला त्याच्या बापाने. मी चौथी शिकलेलो, पुस्तकात काय लिहिलंय ते ठाऊक नाही.

माझी बायको त्याच मिठागरावर टोपल्या वाहायची. मिठागर बंद पडलं, तरी नारळी पुनवेला नारळ सोडायची ती कालव्याच्या पायरीवरूनच. "या पाण्याने पोट भरलं आपलं," म्हणायची. नारळ खाडीला लागेपर्यंत जागची हलायची नाही. गेल्या दिवाळीनंतर ती गेली.

यंदा पुनव जवळ आली, तर कालव्याच्या तोंडाशी कुणीतरी बांधकामाचं डेब्रिज ओतलेलं. भरतीचं पाणी आत येईना.

मुलगा म्हणाला, "बाबा, गाडीने खाडीवर नेतो ना तुम्हाला."

"तुझ्या आईने मागितली होती गाडी?" म्हटलं, आणि फावडं काढलं.

रोज ओहोटीला खणायचो. मिठागरावरचा माझा जुना जोडीदार बांधावर बसून टोमणे मारायचा. "कय रं, पडाव येनार हाय का तुझा?"

"येऊ दे. पहिला तुलाच भरतो त्यात."

दुसऱ्या दिवशी तोही घमेलं घेऊन आला. कंबर मोडली दोघांची, पण कालव्याचं तोंड मोकळं केलं.

पुनवेला दुपारी पाणी चढत पायरीला लागलं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, लगेच नारळ सोडला. तो खाडीकडे जायचा सोडून उलटा आत, बिल्डिंगींकडे निघाला.

"आरं येड्या," जोडीदार म्हणाला, "भरती चढतेय अजून."

बायको पाणी ओहोटीला वळायची वाट बघायची. एवढी वर्षं शेजारी उभा राहिलो, पण ते कधी माझ्या ध्यानातच आलं नाही.

मुलगा म्हणाला, "दुसरा आणतो." नको म्हटलं. पायरीवर बसून राहिलो. पाणी थांबलं, मग हळूहळू उतरायला लागलं, आणि नारळ प्लास्टिकच्या पिशव्यांमधून डुलत परत आला.

"आला बग तुझा पडाव," जोडीदार म्हणाला.

नारळ खाडीला लागेपर्यंत मी उठलो नाही. फावडं दारामागेच ठेवलंय. पुन्हा कुणी डेब्रिज ओतलं, तर पुन्हा काढीन.