नाकावरचे दोन खळगे

राजनच्या तोंडून दोन वाक्यं काढणं म्हणजे अक्कलदाढ काढणं. इथं आखातात, सालमियातल्या आमच्या दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला, तो मागच्या खोलीत कवळ्या बनवायला. अकरा वर्षं एकत्र काम करतोय, तरी त्याचे वडील नाशिकला गणिताचे मास्तर होते हे मला ते गेल्यावर कळलं.

कोविडच्या दुसऱ्या वर्षी गेले ते. विमानं बंद होती. तिकडे हॉस्पिटलनं प्रेत बांधूनच बाहेर दिलं, परक्या माणसांनी अग्नी दिला. राजनच्या आईला, गोदूबाईंना, नवऱ्याचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. राजन दुसऱ्या दिवशी कामावर आला आणि दुपारपर्यंत कवळीचा एकच दात घासत बसला. मी चहा नेला, तर म्हणाला, "ताई, त्यांचा चष्मा घरीच राहिला. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नाही."

मी कप ठेवला आणि बाहेर येऊन रडले.

गेल्या वर्षी अबू नासेर नावाचे एक श्रीमंत, हौशी म्हातारे कवळीसाठी आले. राजनचे दात त्यांना इतके आवडले, की म्हणाले, घरी अजून एक पेशंट आहे. त्यांच्या बैठकीत एक जुना रोमन अर्धपुतळा होता. संगमरवराचा, दाढीवाला, कपाळाला आठ्या. कुणीतरी मोठा विद्वान, पण नाव कुणालाच ठाऊक नाही आणि नाक तुटलेलं. अबू नासेर त्याला 'उस्ताद' म्हणायचे. या उस्तादांना राजननं नाक करून द्यायचं होतं.

पहिलं नाक फार पांढरं झालं. दुसरं बसवताना फुटलं. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," मी म्हटलं. राजन हसला नाही. तिसरं नाक त्यानं मला आणून दाखवलं. ते जरासं डावीकडे वाकलेलं होतं आणि वरच्या बाजूला दोन बारीक खळगे होते.

"हे काय रे?"

"बाबा सायकलवरून पडले होते. आणि हे चष्म्याचे. चाळीस वर्षं लावला त्यांनी."

मी चिडलेच. "अरे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला कुठला चष्मा? बुजव ते."

"बुजवले तर बाबांचं नाक राहणार नाही, ताई."

नाक बसलं. अबू नासेर खूश. त्यांनी राजनला सांगून टाकलं, हवं तेव्हा ये. मग दर शुक्रवारी हा अब्बासियातल्या आपल्या खोलीवरून दोन बस बदलून तिथे जायचा आणि आईला व्हिडिओ कॉलवर उस्ताद दाखवायचा. पहिल्यांदा गोदूबाईंनी फोन अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग म्हणाल्या, "वाळलेत रे. पण नाक त्यांचंच. चष्मा कुठाय?" पुढं त्या उस्तादांशी बोलायलाच लागल्या. नळाला पाणी आलं नाही, शेजारच्या उर्वीचं लग्न ठरलं, सगळं सांगायच्या. पुतळा आहे हे त्यांना पुरतं कळत होतं. पण चार वर्षांत पहिल्यांदा समोर तोंड दिसत होतं, ते कशाला सोडतील?

मार्चमध्ये त्यांनी नाशिकहून येणाऱ्या एका बाईबरोबर मास्तरांचा चष्मा पाठवला. "एकदा घालून दाखव. मग मी काही मागणार नाही."

त्याच आठवड्यात अबू नासेरांकडे एक परदेशी तज्ज्ञ आला. उस्तादांना प्रदर्शनात ठेवायचं चाललं होतं. नाक नवं आहे हे त्याला बघताक्षणी कळलं, तरी तो चालवून घेणार होता. मग त्याला खळगे दिसले. तो खूप हसला म्हणे. रोममध्ये चष्मा लावणारा हा एकटाच विद्वान! आणि नाक काढायला लावलं. शिकलेला माणूस, त्याचं चुकलं नाही हे मलाही समजतं. पण त्या हसण्यासाठी मी त्याला माफ करणार नाही.

अबू नासेर स्वतः येऊन माझ्यापुढं कवळीची डबी ठेवून गेले. आत नाक. त्यांना मान वर करवत नव्हती. दोन दिवसांनी चष्मा पोचला.

शुक्रवारी सुट्टी असूनही राजननं मला दवाखाना उघडायला लावला. मागच्या खोलीत त्यानं नाक टेबलावर उभं धरलं आणि त्यावर चष्मा ठेवला. काचांखालचे टेकू खळग्यांत नेमके बसले. तेवढ्यात फोन वाजला. त्याच्या सांगण्यावरून मी चित्र बंद ठेवून नुसता आवाज सुरू केला.

"घातलास का रे?" गोदूबाईंनी विचारलं.

"घातला, आई. अगदी बरोबर बसला."

"दाखव ना."

"आज रेंज नाही गं."

मग त्या म्हणाल्या, "असू दे. त्यांना तरी दिसत असेल आता. तू दिसत असशील."

राजननं "हो" म्हटलं. फोन मी बंद केला, कारण त्याचे दोन्ही हात गुंतले होते. चष्म्याच्या काड्या टेकवायला कान नव्हते. हात काढला असता, तर तो पडला असता.