कपाटाची शपथ

ज्योतीराम मूळचा बीडकडचा, राहायला चिखलीत. चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनखाली पत्रे दाबण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. पण शॉपमध्ये, म्हणजे त्या मशीनविभागात, त्याची ओळख वेगळीच होती. मार्चात सुरक्षा सप्ताह आला की पथनाट्य बसवायचं ते ज्योतीरामनेच. नाटक दर साली तेच. कामगार हातमोजे घालत नाही, हात जातो, कुंकवाचं पाणी सांडतं, म्हातारी आई हंबरडा फोडते. पब्लिक खाली मान घालून मोबाइल बघतं.

यंदा एचआरच्या योगिनी मॅडमनी गोड आवाजात सांगून टाकलं, की लोक जागे राहिले तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी पुण्याहून ग्रुप बोलवू.  वर्षातला तेवढा अर्धा तास काढून घेतला, तर उरतो तो मशीनसमोर उभा असलेला माणूस. आणि तशी माणसं कंपनीत पुष्कळ होती.

त्यातच त्याची कंबर धरली. घरी पडल्या पडल्या लेकीने टीव्हीत घालून दिलेल्या कुठल्याशा ॲपवर बोट पडलं आणि फ्रेंच सिनेमे सुरू झाले. खालची इंग्रजी अक्षरं वाचेस्तोवर पळून जायची, म्हणून त्याने वाचणं सोडलं आणि नुसते चेहरे बघू लागला. एका सिनेमात नगरपालिकेचा कारकून धुक्याला नोटीस बजावायला निघतो. एका मालिकेतला इन्स्पेक्टर फक्त हरवलेल्या खुर्च्यांचा तपास करतो. सापडलेल्या खुर्चीला समोर बसवून तिची कसून चौकशी करतो. आणि हसत कुणीच नाही. पगारवाढ नाकारताना साहेबांचा असतो तसा सगळ्यांचा चेहरा. मेथी निवडता निवडता बायकोने, सुभद्राबाईंनी, विचारलं की ह्यात हसायचं कुठं? ज्योतीराम उशीत तोंड खुपसून असा काही हसत होता, की कंबर पुन्हा लचकली.

शॉपमधला समाधान भेटायला आला. त्याच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धंच आहे. ज्योतीरामने त्याला खुर्चीची चौकशी रंगवून सांगितली. समाधान चहा फुंकत म्हणाला, "भाऊ, माझं बोट गेलं तेव्हा मी काय केलं म्हाईतीय का? मोजा फाटला म्हणून सुपरवायझरकडं दुसरा मागायला गेलो."

ज्योतीरामने त्या अर्ध्या बोटाकडे पाहिलं. मग समाधानचा कप हिंदकळला, आणि त्यानंतर हसून हसून दोघांना धड बोलता येईना. ज्योतीरामला नाटक सापडलं होतं.

नव्या नाटकात रक्त नव्हतं, आई नव्हती. समाधान झाला कामगार. तो मोजे घ्यायला कपाटाकडे येतो. कपाट म्हणजे अंगावर पॅकिंगचा पुठ्ठा चढवलेला ज्योतीराम. हे कपाट भलतं मानी. शपथ घेतल्याशिवाय दार उघडत नाही. तालमीत नियम एकच: हसायचं नाही.

नाटकाच्या दिवशी अख्खा शॉप मैदानात रांगेने उभा होता. नाटक सुरू झालं आणि चिटपाखरूही हसलं नाही. माणसांना वाटलं, आता हात जाईल, मग आई येईल. मोबाइल निघाले. पुठ्ठ्याच्या भोकातून ज्योतीरामला योगिनी मॅडम घड्याळ बघताना दिसल्या. घाम डोळ्यांत उतरला. आत अंधार होता, आणि त्या अंधारात तो एकटाच विनोदी होता.

शपथेची वेळ आली. कपाटाने पुठ्ठ्यातून उजवा हात बाहेर काढला आणि सपाट आवाजात म्हटलं, "मी शपथ घेतो की..."

सुरक्षा सप्ताहात शपथ द्यायला कुणाचा हात वर झाला की आपणही हात वर करायचा, हे त्या मैदानाच्या हाडीमासी खिळलेलं. मोबाइल खिशात गेले. शेकडो हात वर झाले, पाच बोटांचे, साडेचार बोटांचे. मैदान गरजलं, "मी शपथ घेतो की..."

शपथ एकट्या समाधानने घ्यायची होती; तो पांढराफटक पडला. ज्योतीरामला थांबता आलं असतं. पण त्याला तो धुक्यामागे निघालेला कारकून आठवला. तो कुठं थांबला होता?

"कपाटाची झोपमोड करणार नाही."

"कपाटाची झोपमोड करणार नाही!"

"मशीनमध्ये हात घालण्याआधी मशीनच्या आईची परवानगी घेईन."

प्लांट हेडसुद्धा डोळे मिटून, भक्तिभावाने, आईची परवानगी घेऊन मोकळे झाले.

"आणि रोज संध्याकाळी माझी बोटं घरी नेऊन बायकोकडून मोजून घेईन."

"...बायकोकडून मोजून..." इथे आवाज अडखळला. तिसऱ्या रांगेतला एक लोडर शेजाऱ्याला म्हणाला, "राव, आपण काय बोलतोय हे?" आणि बांध फुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडली, काहींनी बसकण मारली, कुणाचं हेल्मेट गडगडत गेलं. प्लांट हेडनी डोळे उघडले. वर केलेला हात खाली घ्यायचा की नाही, ते त्यांना कुणी सांगेना. एकटं कपाट तेवढं ढिम्म उभं होतं. आत ज्योतीराम ओठ चावून चावून रडकुंडीला आला होता.

गर्दी पांगेना. योगिनी मॅडम ओढणीने डोळे टिपत आल्या आणि पुठ्ठ्यावर टकटक करून म्हणाल्या, पुढच्या वर्षीही हेच कपाट हवं, बाहेर या आता.

कपाट म्हणालं, "मॅडम, आधी शपथ."

मॅडमनी एकदा प्लांट हेडकडे पाहिलं आणि हात वर केला.